कार्ड घासलं तिबिलिसीत, कापले गेले अहमदपुरात

रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. काका म्हणजे आमच्या मावशीचे यजमान, राहणार अहमदपूर. नऊ वाजता झोपणारा माणूस साडेदहाला फोन करतोय म्हटल्यावर पोटात गोळाच आला.

‘आरं, बँकेचे तीन मेसेज आलेत. बघ जरा. पोरगं म्हणतंय, नऊ हजाराचं सामान घेतलं. मग हे बाकीचं काय कापलंय? पोरगं खोटं बोलायलंय का बँक?’

मी मेसेज मागवून घेतले. पहिला ९,००० रुपयांचा. दुसरा ३१५ रुपयांचा. तिसरा ५६ रुपये ७० पैशांचा. पोरगं खरं बोलत होतं, आणि बँकही. ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ साडेतीन टक्के, म्हणजे ३१५ रुपये. त्या ३१५ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६ रुपये ७० पैसे. खातं उघडताना ज्या कागदांवर आपण बोट ठेवलेल्या जागी सह्या केल्या, त्यांतच हे कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

माझा मावसभाऊ तिबिलिसीत आहे, जॉर्जियाची राजधानी. लातूरला ट्युशन एरियात दोन वर्षं काढली, एक रिपीट केलं, सरकारी सीट थोडक्यात हुकली आणि खासगीची फी ऐकून काकांनी हात टेकले. पुढची गोष्ट लातूर-नांदेडमध्ये कुणाला सांगायची गरज नाही. प्रत्येक गल्लीत एक तरी पोरगं जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान नाहीतर रशियाला एमबीबीएस करतंय. जायच्या आधी महिनाभर घरात तयारी चालते. कुकर, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, जाड ब्लँकेट. कार्डाचा विषय निघतो तो शेवटच्या आठवड्यात, आणि तोही एका वाक्यात मिटतो. एजंट म्हणतो, ‘एक फॉरेक्स कार्ड काढून घ्या की.’

सोयाबीनमध्ये हिशेब करू

साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. काकांनाही वाटले. म्हणून त्यांना कळेल असा हिशेब केला.

धरा की पोराचा राहण्या-खाण्याचा खर्च महिन्याला ३० हजार रुपये. तो सगळा साध्या डेबिट कार्डावरून झाला, तर मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४.१३ टक्के. महिन्याला १,२३९ रुपये. वर्षाला १४,८६८. सहा वर्षांचे ८९,२०८ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सहा वर्षांत जवळपास १७ क्विंटल सोयाबीन फक्त कार्ड घासण्याच्या फीत गेलं. आणि मोंढ्यात हमीभाव किती वेळा हातात पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘दोन एकराचं की रे हे.’

आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर फॉरेक्स कार्ड काढायचं ना! मलाही तसंच वाटायचं. पण भावाच्या निमित्तानं कागद वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, की कार्डांबद्दल आपण जे काही वाचतो, बघतो, ते बहुतेक दुबई, सिंगापूर नाहीतर पॅरिस फिरायला जाणाऱ्यांसाठी असतं. आपली पोरं जातात तिथलं गणित वेगळं आहे.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच पैसे भरून ठेवलेलं कार्ड. तुम्ही रुपये देता, बँक त्यात डॉलर, युरो, पौंड असं काहीतरी भरते. युरो भरून जर्मनीत वापरलं तर काही अडचण नाही, युरोतून युरोच गेले. पण तिबिलिसीत चलतं लारी. बिश्केकमध्ये सोम. अल्माटीत टेंगे. ही चलनं आपल्याकडच्या नेहमीच्या फॉरेक्स कार्डांत भरताच येत नाहीत. मग पोरगं काय करतं? डॉलर भरतं. दुकानात लारी द्यायचे असतात, कार्डात डॉलर असतात, मग मध्ये आणखी एक बदल होतो. त्याचं नाव ‘क्रॉस करन्सी चार्ज’. तो दोन ते साडेतीन टक्के असतो. कार्डाच्या रंगीत पत्रकात हे नाव शोधून सापडत नाही, शुल्काच्या तक्त्यात असतं.

उदाहरण घ्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे असं धरू. कार्डात भरताना बँक तो तुम्हाला ९१ रुपये ५० पैशांना देते. हा दीड रुपया कुठंही ‘फी’ म्हणून लिहिलेला नसतो, तो भावातच मुरलेला असतो. आता पोरानं तिबिलिसीत १०० डॉलरच्या किमतीचं सामान लारीत घेतलं. साडेतीन टक्के क्रॉस करन्सी धरून कार्डातून गेले १०३ डॉलर ५० सेंट. ते ९१.५० नं गुणा. ९,४७० रुपये. काकांच्या साध्या डेबिट कार्डावर तेच सामान ९,३७२ रुपयांना पडलं होतं.

म्हणजे खास परदेशासाठी काढलेलं कार्ड घरातल्या कार्डापेक्षा महाग! मी हा हिशेब तीनदा केला. प्रत्येक बँकेत असंच होईल असं नाही, भाव आणि टक्के बदलले की उत्तर बदलतं. पण ‘फॉरेक्स कार्ड म्हणजे फी नाही’ हे वाक्य डॉलर, युरो, पौंडाच्या देशातच खरं आहे, एवढं डोक्यात ठेवा.

मग लारी-सोमवाल्या पोरांनी करायचं काय? त्यांच्या कामाची असतात ती शून्य मार्कअपवाली डेबिट नाहीतर क्रेडिट कार्डं. यांत आधी डॉलर भरायची भानगडच नाही. खात्यात रुपये असतात, दुकानात लारी जातात, आणि भाव लागतो तो व्हिसा किंवा मास्टरकार्डचा. तो बाजारभावाच्या बऱ्यापैकी जवळ असतो, आणि त्या दिवशीचा भाव दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. नियो ग्लोबल, फेडरल बँकेचं स्केपिया, आरबीएलचं वर्ल्ड सफारी, आयडीएफसी फर्स्टचं वॉव ही कार्डं शून्य मार्कअपसाठी ओळखली जातात. पण अटी बदलत राहतात, काहींना वार्षिक फी असते, म्हणून अर्ज करायच्या दिवशी शुल्काचा तक्ता स्वतः उघडून वाचायचा. मी सांगितलं म्हणून काढू नका.

विद्यार्थ्याला क्रेडिट कार्ड कोण देणार, हा पुढचा प्रश्न. पगार नाही, सिबिल नाही. त्यावर सोय आहे, एफडीवर मिळणारं कार्ड. बँकेत ठेव ठेवायची, तिच्या आधारावर कार्ड मिळतं, पगाराची स्लिप लागत नाही. वर सांगितलेलं वॉव याच प्रकारचं. फक्त क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख कधी काढू नका. बहुतेक कार्डांवर काढलेल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, वर रोख काढण्याची फी वेगळी.

आणखी एक गोष्ट बँकेत आधीच विचारून घ्या. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा कायद्याच्या दृष्टीनं अनिवासी धरला जातो. त्यामुळं त्याच्या इथल्या बचत खात्याचं पुढं काय करायचं, ते खातं आणि त्याचं कार्ड चालू राहणार का, हे जायच्या आधी मिटवलेलं बरं. तिथं गेल्यावर ब्रँचला फोन लागत नाही, हा अनुभव आमच्या घरातलाच आहे.

‘डिक्लाइन’ दाबायची भीती

भावाला मी सगळं समजावून सांगितलं, कार्ड बदललं, आणि पहिल्याच महिन्यात तो पुन्हा फसला. या वेळी एटीएमवर.

मशिननं विचारलं, ‘तुमचे पैसे रुपयांत कापू का?’ समोर रुपयांचा आकडा, स्वच्छ, ओळखीचा. खाली दोन बटणं. एक ‘अॅक्सेप्ट कन्व्हर्जन’, दुसरं ‘डिक्लाइन’. परक्या देशात, मागं रांग उभी असताना अहमदपूरचं पोरगं काय दाबणार? अॅक्सेप्ट.

याला म्हणतात डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. यात लारीचे रुपये करण्याचं काम तुमचं कार्ड करत नाही. त्या एटीएमवाला किंवा दुकानाच्या मशिनवाला करतो, आणि स्वतःच्या भावानं करतो. तो भाव त्याच्या सोयीचा असतो. शून्य मार्कअपचं कार्ड खिशात असून काही उपयोग नाही, कारण कार्डाच्या भावापर्यंत गोष्ट पोचतच नाही. वर आपल्याकडच्या अनेक बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. म्हणजे तिथंही कापले, इथंही कापले.

खरी अडचण ‘डिक्लाइन’ या शब्दात आहे. वाटतं, हे दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड आत अडकेल. तसं होत नाही. ‘डिक्लाइन’ म्हणजे फक्त त्यांचा भाव नको. पैसे येतात, लारीतच येतात. दुकानात माणूस मशिन पुढं करून विचारतो तेव्हाही उत्तर एकच. ज्या देशात उभे आहात त्या देशाचं चलन. काही दुकानदार विचारतच नाहीत, स्वतःच रुपये दाबून मोकळे होतात. म्हणून पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर ‘आयएनआर’ दिसतंय का ते बघायचं. दिसलं तर थांबवून पुन्हा करायला सांगायचं. पोरं लाजतात. लाजू नका.

नांदेडकरांना ही स्क्रीन उलट्या बाजूनं ठाऊक असेल. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला कॅनडा, इंग्लंडहून भाविक येतात. त्यांनी आपलं परदेशी कार्ड इथल्या मशिनला लावलं की ‘डॉलर की रुपये’, ‘पौंड की रुपये’ हा प्रश्न त्यांनाही येऊ शकतो. त्यांच्यासाठीही बरोबर उत्तर रुपये हेच.

एटीएमचं अजून एक. दर वेळी पैसे काढले की आपली बँक ठराविक रक्कम कापते, आणि तिथला एटीएमवालाही बऱ्याचदा स्वतःची फी लावतो. रोज थोडे थोडे काढणाऱ्याचं यात सगळ्यात जास्त जातं. महिन्यात दोनदा काढा, पण दोन वेळचे मिळून काढा.

रशियात कार्ड चालतच नाही

रशियाला जाणाऱ्यांसाठी वरचं बहुतेक सगळं निरुपयोगी आहे. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं. तेव्हापासून भारतात काढलेलं व्हिसा, मास्टरकार्ड तिथल्या दुकानात किंवा एटीएममध्ये चालत नाही. कोणी एजंट ‘आमचं कार्ड चालतं’ म्हणाला तर कार्डावरचा लोगो बघा आणि मग ठरवा. तिथं पोरं डॉलर किंवा युरो रोख नेतात, तिथल्या बँकेत खातं उघडतात आणि मीर नावाचं त्यांचं स्थानिक कार्ड घेतात.

रोख किती नेता येतं? रिझर्व्ह बँकेच्या नियमानं साधारणपणे एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा. रशिया आणि राष्ट्रकुलातल्या किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान यांसारख्या देशांना सूट आहे, तिथं सगळी रक्कम रोख नेता येते. जॉर्जिया राष्ट्रकुलातून २००९ मध्येच बाहेर पडला, त्यामुळं तिथं ३,००० चीच मर्यादा. सूट आहे म्हणून सगळं कमरेला बांधून न्यायचं असंही नाही. आणि नोटा कोऱ्या घ्या. पेननं काही लिहिलेली, फाटकी, जुनी नोट तिथले बदलून देणारे परत ढकलतात. इथं डॉलर घेताना ५० हजार रुपयांच्या वर रोख रुपये देता येत नाहीत, पैसे बँकेतूनच जावे लागतात. तुरीचे रोख आलेले पैसे पिशवीत घालून गेलेल्या एका गृहस्थांना त्याच पिशवीसह परत येताना मी पाहिलंय.

युक्रेनचं नाव निघालंच आहे तर सांगतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं त्याच दिवशी तिथल्या मध्यवर्ती बँकेनं रोख काढण्यावर दिवसाला एक लाख रिव्हनियाची मर्यादा घातली, आणि एटीएमसमोर रांगा लागल्या. ऑपरेशन गंगातून परत आलेल्यांत आपल्या मराठवाड्याची पोरंही होती. एकच कार्ड, तेही एकाच बँकेचं, एवढ्यावर परदेशात राहायचं नसतं. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, वेगवेगळ्या बॅगांत, आणि थोडे डॉलर तिसऱ्या ठिकाणी. फॉरेक्स कार्ड महाग पडलं तरी असं राखीव म्हणून ठेवायला ते वाईट नाही. बरेचदा त्यासोबत जोडीचं दुसरं कार्डही देतात.

जर्मनीवाल्यांचं, म्हणजे नांदेडच्या एसजीजीएसमधून एमएसला निघालेल्यांचं, थोडक्यात. त्यांचा मोठा पैसा कार्डावरून जातच नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासूनची आहे. ते पैसे बँकेतून पाठवताना अर्जावर एक छोटी चौकट असते, परदेशी बँकांची फी कोण भरणार? तिथं ‘ओयूआर’ म्हणजे ती आपण भरणार. ‘एसएचए’वर खूण केली तर वाटेतल्या बँका आपापला वाटा काढून घेतात आणि तिकडं रक्कम काही युरोंनी कमी पोचते. तेवढ्यासाठी कागद अडतो.

ओटीपी शेतात

कार्ड हातात आलं आणि विमानतळावर चाललंच नाही, असंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशात एटीएम आणि दुकानातल्या मशिनवर चालेल असंच मिळतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर, नुसतं टेकवून पैसे देणं, हे सगळं आपण ॲपमधून चालू करायचं. तिथंच रोजची मर्यादाही ठरवता येते. ती कमी ठेवा, कारण परदेशातल्या अनेक वेबसाइट ओटीपी विचारतच नाहीत, कार्डाचा नंबर मिळाला की झालं.

जिथं ओटीपी लागतो तिथं आमच्याकडची गंमत ऐका. भावाच्या खात्याला मोबाइल नंबर काकांचा. अकरावीत खातं उघडताना दिलेला. आता पोरगं तिबिलिसीत रात्री तिकीट काढायला बसलंय, ओटीपी आला अहमदपूरला, काका गेलेत पाणी द्यायला, फोन घरी चार्जिंगला. तीन मिनिटांत व्यवहार मेला. असं चार वेळा झाल्यावर नंबर बदलला. तुम्ही जायच्या आधीच बदला, आणि स्वतःच्या सिमला आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, नाहीतर मेसेज येणारच नाही.

यूपीआयचं काय, असं सगळेच विचारतात. सिंगापूर, यूएई, भूतान, नेपाळ, मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्समध्ये काही ठिकाणी चालतं. पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीट २०२४ पासून यूपीआयनं काढता येतं. पण होस्टेलचं भाडं काही टॉवरवर द्यायचं नसतं. त्याच्या भरवशावर निघू नका. घरातलं साधं रुपे कार्डही बाहेर चालेलच असं नाही, त्यावर ‘ग्लोबल’ लिहिलंय का ते बघा.

राहिला टीसीएस. घरून पैसे पाठवणारे आई-वडील याला फार घाबरतात. एका आर्थिक वर्षात एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, आणि एप्रिल २०२५ पासून पहिल्या १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर त्याच्या वरही नाही. स्वतःचे पैसे १० लाखांच्या वर गेले तर शिक्षणासाठी दर कमी आहे, बाकी बहुतेक कारणांसाठी २० टक्के. म्हणून बँकेच्या अर्जावर कारण ‘शिक्षण’ असंच लिहिलंय ना, हे काउंटरवरच बघून घ्यायचं. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. काकांनी निम्मे पैसे स्वतःच्या आणि निम्मे मावशीच्या खात्यातून पाठवायला सुरुवात केली. मर्यादा प्रत्येकाच्या पॅनवर वेगळी मोजतात. पण मावशीच्या खात्यात तेवढे तिचे पैसे हवेत. तिच्या नावावर चार एकर आहे, म्हणून जमलं.

जुलैत भाऊ सुट्टीला आला. मी त्याला निघताना सांगितलं होतं, उरलेले लारी तिथंच डॉलर करून आण, लातूरला लारी कुणी घेत नाही. डॉलरच्या नोटा २,००० पर्यंत घरात ठेवता येतात, त्याच्या वरच्या १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत चलनवाल्याला परत द्याव्या लागतात. साहेबांनी ऐकलं नाही. गंजगोलाईजवळ दोन दुकानं फिरला, दोघांनी नोटा उलटसुलट करून बघितल्या आणि परत दिल्या. आता ते साठ लारी मावशीच्या कपाटात साडीखाली आहेत. सप्टेंबरमध्ये परत जाताना घेऊन जाईल म्हणतो. काकांनी त्याचे रुपये किती होतात तेवढं विचारून घेतलंय.